धुऱ्यावरची उंच निलगिरी कोणती, आणि 'जायंट' निलगिरी आपल्याकडे होते का?

भाऊ, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडे तुमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुनी निलगिरी आहे. वडिलांनी सामाजिक वनीकरणाची रोपं वाटली जायची त्या काळात लावलेली. तुमच्या अंदाजाने ती दीडशे फूट असावी. आता तुम्ही ऑनलाइन 'जायंट निलगिरी, 100 मीटर वाढणारी' असं लिहिलेलं बियाण्याचं पाकीट मागवलंय. धुऱ्यावरचं झाड त्याच जातीचं आहे का, आणि ते बी लावून नाल्याकडच्या दोन एकरांत तसंच रान उभं राहील का, हे तुम्हाला हवंय. सोबत एका पानाचा फोटो.

तुम्ही जात विचारताय, पण झाडाची उंची निम्मी जातीत असते आणि निम्मी जागेत. विदर्भात निलगिरीची रोपं करताना आणि लोकांच्या वावरात लावून देताना मला हा घोळ सारखा दिसतो. माणूस जातीमागे धावतो आणि मुरूम किती फुटांवर लागतो हे बघतच नाही.

आधी पाकिटाचा विषय संपवू. निलगिरीच्या सातशेच्या वर जाती आहेत. त्यातली 100 मीटरच्या घरात जाणारी म्हणजे युकॅलिप्टस रेग्नन्स, ऑस्ट्रेलियात जिला माउंटन अ‍ॅश म्हणतात. व्हिक्टोरिया राज्याचे डोंगर आणि टास्मानिया बेट हे तिचं घर. फर्डिनांड फॉन म्युलर यांनी 1871 मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिलं. टास्मानियात 2008 मध्ये सापडलेलं 'सेंच्युरियन' नावाचं झाड मोजलं तर साधारण 100 मीटर भरलं. कॅलिफोर्नियातलं रेडवूड त्याहून उंच आहे, 115 मीटरच्या वर, पण ते सूचिपर्णी. फुलं येणाऱ्या झाडांत रेग्नन्स अगदी पहिल्या ओळीत बसते. वाढही दांडगी, चांगल्या जागी 50 वर्षांत 65 मीटर. म्हणजे पाकिटावरचा आकडा खोटा नाही. ते झाड कुठल्या हवेत तेवढं होतं, ते मात्र पाकिटावर छापलेलं नसतं.

ती हवा थंड आणि ओली आहे. डोंगरावरची खोल, भुसभुशीत, पाणी निचरणारी माती, वर्षभर थोडाथोडा येणारा पाऊस, सौम्य उन्हाळा, हिवाळ्यात कुठे कुठे बर्फ. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि पुढचे सात-आठ महिने जमीन कोरडी. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्धा 45 अंशांच्या वर जातात, रात्रीही भिंती गरम असतात. इतक्या उंच झाडाला मुळाशी आलेलं पाणी शेंड्यापर्यंत ओढून न्यावं लागतं. हवा कोरडी आणि माती सुकी असली की ती ओढ तुटते आणि शेंडा वाळायला लागतो. रेग्नन्सचं रोप आपल्याकडे पावसाळ्यात छान दिसेल, हिवाळ्यातही तग धरेल, आणि एप्रिल-मेमध्ये जाईल. "मग चिखलदऱ्याला?" असं कोणी तरी विचारेलच. तिथे उंची मिळते, पण नोव्हेंबर ते मे पाऊस नाही ही अडचण तशीच राहते.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची. आपल्याकडची निलगिरी तोडली की बुंध्यातून धुमारे फुटतात, त्यावर दुसरं पीक मिळतं. रेग्नन्स त्यात कच्ची आहे. तिचं सगळं बियांवर चालतं. मोठी आग लागली की झाडं मरतात, शेंड्यातल्या बोंडांमधून बी राखेवर सांडतं आणि एका वयाचं नवं रान उठतं. व्हिक्टोरियातल्या 1939 च्या भीषण वणव्यानंतर मोठाली रानं अशीच उभी राहिली. तेव्हा हवा जुळली असती तरी धुमाऱ्याचा व्यवहार तिच्याबरोबर झाला नसता.

शिवाय पाकिटात रेग्नन्सच आहे याची खात्री कोण देणार? निलगिरीचं बी मोहरीहून बारीक, त्यात भुसा मिसळलेला. नुसतं बी पाहून जात सांगणं अवघड. रंगीबेरंगी सालीच्या 'रेनबो' निलगिरीच्या पाकिटांचंही तेच. ती डेग्लुप्टा, न्यू गिनी आणि फिलिपिन्सकडची, बारमाही पावसाची सवय असलेली. तिच्या फोटोतले रंग बहुतेक वेळा वाढवलेले असतात. पैसे गेलेच आहेत तर हौस म्हणून बी टाकून बघा. पाकीट ओल्या वाळूत मिसळून तीन आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, रेग्नन्सच्या बियाला ती थंडी लागते. मग बारीक चाळलेल्या वाळू-मातीवर नुसतं भुरभुरा, पुरू नका. पाणी झारीने नको, तुषाराने द्या. पण दोन एकर त्याच्या भरवशावर मोकळे ठेवू नका.

आता धुऱ्यावरचं झाड. पानाच्या फोटोवरून मी जात सांगणार नाही, कुणी सांगितली तर मानू नका. निलगिरीची कोवळी पानं आणि जून पानं एकाच झाडावर इतकी वेगळी असतात की दोन झाडं वाटावीत. ओळख कळीत आणि बोंडात आहे. कापसाच्या बोंडाशी गल्लत नको, निलगिरीचं हे लहानसं लाकडी फळ झाडाखाली जवळजवळ कधीही सापडतं.

पहिलं काम, एक पान चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा लख्ख वास आला तर ती सिट्रिओडोरा. तिची साल गुळगुळीत, पांढुरकी-गुलाबी, आणि बोंड गळ्याशी आवळलेल्या सुरईसारखं. शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये तिला युकॅलिप्टसमधून काढून कोरिंबिया या वेगळ्या गटात टाकलं, पण रोपवाटिकेत तिला अजून निलगिरीच म्हणतात. ही सरळसोट, देखणी वाढते. गावात 'ही सगळ्यात उंच' म्हणून दाखवतात ती पुष्कळदा हीच निघते.

लिंबाचा वास नसेल, कापरासारखा असेल, तर कळ्या शोधा. फूल उमलण्याआधी कळीवर एक टोपी असते, ती गळून पडते आणि आतले पांढरे पुंकेसर बाहेर येतात. टोपी लांब, निमुळती, खालच्या वाटीपेक्षा दुप्पट-तिप्पट असेल तर टेरेटिकॉर्निस. टोपी आखूड, गोलसर आणि तिला बारीक चोच निघालेली असेल तर कॅमॅल्डुलेन्सिस. पिकलेलं बोंड कागदावर ठेवून दोन दिवस उन्हात उघडू द्या. टेरेटिकॉर्निसचं भरलेलं बी काळपट, कॅमॅल्डुलेन्सिसचं पिवळसर. दोन्हींच्या बोंडाच्या पाकळ्या कडेच्या वर उठून बाहेर डोकावतात.

तुमचं झाड या दोघींच्या मधलं निघालं तर गोंधळू नका. त्या काळात वाटलेल्या रोपांत 'म्हैसूर गम' फार असायचं. त्याचं मूळ कर्नाटकातल्या नंदी टेकडीवर आहे, टिपू सुलतानाच्या काळात, 1790 च्या सुमारास तिथे झाडं लावली गेली असं सांगतात. ते मुख्यतः टेरेटिकॉर्निस, त्यात इतर जातींची सरमिसळ. माझा अंदाज तुमच्या झाडाबद्दल हाच आहे, पण अंदाजच.

तेलाच्या बाटलीवरची निलगिरी वेगळी. ती प्रामुख्याने ग्लोब्युलस. 1843 पासून उटीकडे लावलेली, डोंगरावरची. तिची कळी एकेकटी, मोठी, खडबडीत, पांढरी भुकटी लागलेली, आणि बोंड दीड-दोन सेंटिमीटर रुंद. ती ओळखायला सोपी आहे आणि आपल्या सपाटीवर टिकत नाही. ग्रँडिस हे नाव ऐकून काही लोक तिला 'जायंट' म्हणून विकतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ती खरंच प्रचंड होते, मुन्नारच्या बाजूलाही चांगली वाढली. विदर्भाच्या कोरड्या वावरात तिला सुख नाही.

दीडशे फुटांबद्दल माझी शंका आहे, राग मानू नका. खालून वर बघणाऱ्याला उंची नेहमी जास्त वाटते. सकाळी दहाच्या सुमारास दोन मीटरची काठी सरळ उभी करा, तिची सावली मोजा, लगेच झाडाची सावली बुंध्यापासून टोकापर्यंत मोजा. समजा काठीची सावली दीड मीटर आणि झाडाची 21 मीटर आली, तर झाड 28 मीटर, म्हणजे नव्वद-ब्याण्णव फूट. जमीन सपाट हवी, आणि उन्हात दोन माणसं हवीत, नाहीतर दुसरी सावली मोजेपर्यंत पहिली सरकते. बुंध्याचा घेरही घ्या, जमिनीपासून 1.37 मीटरवर. वनखात्याची छातीच्या उंचीची मोजणी तिथेच होते. नव्वद फूट निघाले तरी आपल्या भागात ते झाड भारीच म्हणायचं.

इथवर सांगितलं त्यातलं दोन एकरांसाठी एवढंच धरा: रेग्नन्स, ग्लोब्युलस, ग्रँडिस, डेग्लुप्टा बाद. टेरेटिकॉर्निस, कॅमॅल्डुलेन्सिस, त्यांचे संकर आणि सिट्रिओडोरा शिल्लक.

यातलं काय लावायचं हे तुमची जमीन सांगेल, आणि ती मी पाहिलेली नाही. म्हणून मे महिन्यात नाल्याकडच्या वावरात दोन-तीन ठिकाणी छातीइतका खड्डा खणा आणि आत उतरून बघा. वरून सगळी जमीन काळी दिसते. खाली दीड फुटावर मुरूम लागला तर झाड पहिली दोन वर्षं झपाट्याने वाढून मग बसतं, शेंडा चपटा होतो, जात कुठलीही असो. मऊ पोयटा एक-दीड मीटर सलग मिळाला तर तुमचं नशीब. वर्धा, पैनगंगा, त्यांच्या नाल्यांच्या काठाला असे पट्टे असतात. मुरूम असून तो कुदळीने फुटत असेल, भेगांत जुनी मुळं उतरलेली दिसत असतील, तरी चालतं. सलग कातळ असेल तर उंचीचा विचार सोडा.

भारी काळ्या जमिनीत दोन दुखणी असतात. ऑगस्टमध्ये पाणी बसतं आणि कोवळ्या मुळांना हवा मिळत नाही. मग उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्याच मुळांना तोडतात. अशा पाणबसण जमिनीत खड्डा खणून लावलं तर खड्डा म्हणजे भांडं होतं, पाणी तिथेच साठतं. त्यापेक्षा रुंद वरंबा ओढून वर लावा. तिसरं दुखणं चुनखडीचं. ढेकळावर थोडं लिंबू पिळा किंवा स्वयंपाकाचा व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना जास्त. तिथे टेरेटिकॉर्निसची पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, जसं संत्र्यात दिसतं. अशा ठिकाणी आणि चोपण, म्हणजे खारवट, चिकट जमिनीत कॅमॅल्डुलेन्सिस जास्त सोसते, बाकीच्यांवर पैसे घालू नका.

दोन एकरांचं उद्दिष्ट काय, हे तुम्ही लिहिलं नाही. कागदाच्या लगद्यासाठी चार-पाच वर्षांत तोडायचं असेल तर खात्रीचे क्लोन, म्हणजे एकाच निवडक झाडाच्या फांदीच्या काड्यांपासून केलेली रोपं घ्या, 3 बाय 2 मीटरवर, एकरी साधारण 670 रोपं. पण आधी फोन करून भाव आणि ट्रकचं भाडं विचारा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या बाजूच्या माणसाला जे परवडतं ते आर्णीवरून परवडेलच असं नाही, ओलं लाकूड जड असतं आणि भाडं टनावर लागतं. जमीन न पाहता 'एकरी इतके टन' सांगणाऱ्याचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडा.

तुम्हाला मोठं झाडच हवं असेल, आणि प्रश्नावरून मला तसंच वाटतं, तर 4 बाय 4 मीटरवर एकरी अडीचशे लावा. सुरुवातीला मधून सोयाबीन, तूर घ्या. चौथ्या-पाचव्या वर्षी वाकडी, दुबळी, दुफाट्याची झाडं काढून निम्मी ठेवा. उरलेली मग जाड होतात. दाट लावलेलं रान उंच होतं खरं, पण काठीसारखं, आणि मे महिन्याच्या वादळात आडवं पडतं.

रोप घेताना मी एकच गोष्ट हट्टाने बघतो, मुळं. दुकानदाराला विचारून एक पिशवी फाडा. माती अलगद झटका. सोटमूळ सरळ खाली जात असेल आणि बाजूची बारीक मुळं पांढरी असतील तर घ्या. मूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसलं असेल, टोक तपकिरी झालं असेल, तर ते रोप चार फूट उंच आणि हिरवंगार असलं तरी परत करा. ते वेटोळं पुढे जाड होतं, मुळं पसरत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या जोराच्या वाऱ्यात झाड बुंध्याशी मुरगळतं. फूट-सव्वा फूट उंचीचं, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक खोड असलेलं रोप मला सगळ्यात आवडतं. गिऱ्हाईक उंच रोप मागतं म्हणून रोपवाटिकावाले गेल्या वर्षीचं उरलेलं पुढे करतात. क्लोन असेल तर एकाच नंबरचे नको, तीन-चार नंबर मिसळून घ्या. आता लेप्टोसायबी नावाची बारीक गांधीलमाशी पानाच्या शिरेवर आणि देठावर गाठी करते. ती आपल्या देशात 2000 नंतर पसरली. एकाच क्लोनला तिने धरलं तर आख्खं वावर बसतं. रोपावर अशी एकही गाठ दिसली तर तो लॉट सोडा.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर, जून अखेर ते जुलै मध्य. उन्हाळवाही खोल करून घ्या. खड्डा दीड फूट पुरे. त्यात कच्चं शेणखत अजिबात नको, ते वाळवीला आवतण आहे. कुजलेलं खत आणि मूठभर निंबोळी पेंड. निलगिरीची पहिल्या वर्षातली सगळ्यात मोठी मर वाळवीने होते, आणि ती पावसाळ्यात दिसत नाही. ऑक्टोबर उलटला की उभं रोप अचानक सुकतं, उपटलं तर मातीखाली साल खाल्लेली. म्हणून दसऱ्याच्या आसपास रांगेतून फिरा.

तणाबाबत लोक ढिलाई करतात. 'निलगिरीला काय लागतं, जंगली झाड' असं म्हणून पहिल्याच वर्षी सोडून देतात. पहिली दोन वर्षं डवरणी आणि बुंध्याभोवती निंदण केलं तर झाड तण ओलांडून वर जातं, नाहीतर तिसऱ्या वर्षीही गुडघ्याएवढं. पहिल्या उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी द्या. हिवाळा संपताना शेंडा काळा पडून बाजूने झुपके फुटले तर ती पुष्कळदा बोरॉनची कमतरता असते. फवारणीवाल्याच्या नादी न लागता माती तपासून घ्या. आणि मार्च-एप्रिलमध्ये धुरे जाळायची जी सवय आहे, तिच्यापासून जपा. सुकलेली निलगिरीची पानं तेलकट असतात, भरकन पेटतात. कडेने दोन फाळे नांगरून ठेवा.

पाण्याबद्दल दोन टोकांचं ऐकायला मिळतं. एक म्हणतो निलगिरी विहिरी आटवते, दुसरा म्हणतो सगळ्या अफवा. वेगाने वाढणारं झाड पाणी जास्त ओढणारच, आणि जिथे पाऊस कमी आणि लागवड दाट तिथे ते जाणवतं. कर्नाटकाने 2017 मध्ये नवीन लागवडीवर बंदी घातली ती याच काळजीने. तुमचा नाला पावसाळ्यापुरता असेल आणि खाली विहीर असेल तर तिच्या आसपास लावू नका. वरुड-मोर्शीकडे संत्र्याला पाणी पुरत नाही, तिथे मी निलगिरीचं नावच काढत नाही. धुऱ्यावरही ओळ नको. शेजाऱ्याच्या वावरातल्या पिकाच्या पहिल्या आठ-दहा ओळी पिवळ्या पडल्या की मग तहसीलपर्यंत जाणं आलं. धुऱ्याचं भांडण किती पिढ्या चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

नुसतं मोठं, पिढ्या टिकणारं झाड नाल्याकाठी हवं असेल तर चार-दोन अर्जुनसादडेही लावा. हळू वाढतो, पण नाल्याचा काठ धरतो आणि आपल्या हवेला मुरलेला आहे.

तोडीचं राहिलं. सागवान, मोह, आंबा, चिंच यांना राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. निलगिरी त्या अनुसूचीत नाही. तरी ट्रक भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या आणि लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून ठेवा, नाक्यावर अडवल्यावर कागद दाखवता येतो. तोडताना करवतीने, जमिनीपासून वीतभर वर, काप थोडा तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. कुऱ्हाडीने साल फाटते आणि धुमारे कच्चे येतात. तोड पावसाळ्याच्या आधी झाली तर पहिल्या पावसात बुंध्याभोवती झुबके फुटतील. ते लगेच छाटू नका, वाऱ्याने काही आपोआप मोडतात. आठ-दहा महिन्यांनी वाऱ्याच्या बाजूचे, खोडाला घट्ट धरलेले दोन ठेवा आणि बाकीचे काढा.